उजेडाचा उपचार : खरी गोष्ट काय आहे?



आमच्या गटाच्या एका बैठकीत एक काकू सारखा पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. वर्षानुवर्षं मिश्री लावायची सवय, आणि गालाच्या आत पांढरा चट्टा आलेला. आम्ही म्हटलं, दवाखान्यात चला. तर म्हणाल्या, "अगं, आता उजेडानं कॅन्सर बरा होतो. पुतण्यानं मोबाईलवर दाखवलं. रोज सकाळी उन्हात तोंड उघडून बसते मी." ऐकून आमच्या पोटात गोळाच आला. मग उजेडाच्या उपचाराची खरी गोष्ट आम्ही शोधून काढली. तीच आज सांगतो.

उजेड आणि औषध यांची जोडी आपल्याला नवी नाही. कोडाच्या डागांवर बावची लावून उन्हात बसायचं, हे आयुर्वेदात जुनं आहे. बावची जास्त झाली की कातडी भाजते, हेही जुन्या बायकांना ठाऊक आहे. म्हणजे नुसत्या उन्हानं काम होत नाही आणि नुसत्या औषधानंही नाही. दोन्ही एकत्र आली की जोर चढतो.

हे प्रयोगशाळेत पहिल्यांदा दिसलं जर्मनीतल्या म्युनिक शहरात. ऑस्कर राब नावाचा वैद्यकीचा विद्यार्थी पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवर एका रंगाचा परिणाम पाहत होता. तोच रंग, तेवढाच. पण कधी जीव लवकर मरत, कधी बराच वेळ जगत. मग लक्षात आलं की फरक उजेडाचा आहे. १९०० साली त्यानं हे छापलं. त्याचे गुरू हेर्मान फोन टापाइनर यांनी १९०३ मध्ये कातडीच्या गाठींवर इओसिन हा रंग लावून उजेड देऊन पाहिला. त्याच वर्षी डेन्मार्कच्या नील्स फिन्सेन यांना कातडीच्या क्षयावर उजेडाचा उपचार शोधल्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळालं.

पुढं जर्मनीतच फ्रीड्रिश मायर-बेट्झ या डॉक्टरांनी रक्तातल्या लाल रंगापासून केलेलं एक औषध स्वतःलाच टोचून घेतलं. मात्रा २०० मिलिग्रॅम. उन्हात गेले, तर तोंड आणि हात सुजून टम्म. कित्येक आठवडे त्यांना ऊन सोसवेना. हे १९१३ साली छापून आलं. औषध अंगात असताना ऊन किती बाधतं, हे त्यांनी स्वतःच्या अंगावर दाखवून दिलं.

कॅन्सरसाठी याचा नीट वापर व्हायला आणखी साठेक वर्षं गेली. अमेरिकेत बफेलो इथं थॉमस डॉहर्टी यांनी तसंच औषध रोग्यांना टोचलं, दोन-तीन दिवस थांबून गाठीवर लाल उजेड टाकला. १९७८ साली त्यांनी सांगितलं, की कातडीतल्या ११३ गाठींपैकी १११ गाठी पूर्ण किंवा थोड्याफार विरल्या. १९९३ मध्ये कॅनडानं या औषधाला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी दिली, १९९५ मध्ये अमेरिकेनं अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी.

हे काम कसं करतं? औषध गाठीत जास्त साठतं. त्याला ठरावीक रंगाचा उजेड मिळाला की ते पेशीतल्या प्राणवायूला चेतवतं, आणि तो पेशीला मारतो. औषध, उजेड, प्राणवायू, तिन्ही हवेत. अंधारात बॅटरीवर बोट ठेवून बघा, बोट लालभडक दिसतं. लाल उजेड मांसातून थोडा पार जातो, म्हणून तो वापरतात. पण तोही फार खोल जात नाही. मोठ्या किंवा अंगभर पसरलेल्या कॅन्सरला म्हणूनच हा उपचार पुरत नाही.

आता नेम आणखी नेमका झाला आहे. अमेरिकेत काम करताना हिसाताका कोबायाशी यांनी उजेडानं जागा होणारा रंग अशा प्रथिनाला जोडला, जे कॅन्सरच्या पेशी ओळखून त्यांनाच चिकटतं. २०२० साली जपाननं डोकं आणि मानेच्या भागातल्या, शस्त्रक्रियेनं काढता न येणाऱ्या किंवा पुन्हा उलटलेल्या कॅन्सरसाठी त्याला अटी घालून परवानगी दिली.

मैत्रिणींनो, यात कुठंही नुसतं ऊन नाही. औषध, मात्रा, उजेडाचा रंग, वेळ, सगळं डॉक्टर ठरवतात. आणि आपल्याकडं ज्याला 'लाईट घेणं' किंवा शेक म्हणतात ते रेडिएशन, ते वेगळं. कुणाचं ते चालू असेल, तर मोबाईल पाहून मधेच सोडू नका.

काकूंना आम्ही हीच गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी नुसतीच उन्हात बसले की गं." दुसऱ्या दिवशी दोघी जणी त्यांच्याबरोबर गेल्या, भाडं गटानं दिलं. तुकडा काढून तपासला. कॅन्सर अजून झाला नव्हता, पण वाट तिकडंच जात होती. मिश्री बंद झाली, तपासणीच्या तारखा गटाच्या वहीत लिहिल्या आहेत.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दाखवा. तिशीनंतर सरकारी उपकेंद्रात तोंडाची तपासणी होते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा करताना एकमेकींना एवढं जरूर विचारा : बाई, तोंड दाखवलंस का?