चाळशी आणि आलोकितपानभोजन



गेल्या चातुर्मासात चौक्यासाठी मूगडाळ निवडत होते. आमच्या राधानगरीत पावसाळ्यात दिवसाही घरात अंधार. मी निवडलेल्या ताटात नातीला अळी दिसली. चष्मा डोळ्यांवर होता, पण चार वर्षांपूर्वीच्या नंबरचा. तेव्हा मला आचार्य शांतिसागर महाराज आठवले.

महाराज आपल्याच भागातले, भोजच्या पाटील घराण्यातले. १९२० साली यरनाळला त्यांनी मुनिदीक्षा घेतली. मुनींनी चार हात पुढची जमीन पाहून चालायचे, आहार पाहूनच घ्यायचा. उतारवयात त्यांची दृष्टी मंदावली. जीवच दिसले नाहीत तर अहिंसा महाव्रत पाळायचे कसे? म्हणून १९५५ साली त्यांनी कुंथलगिरीला सल्लेखना घेतली. १८ सप्टेंबरला समाधी झाली.

मुनींचा मार्ग मुनींचा. पण तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच भावनांमध्ये आलोकितपानभोजन, म्हणजे पाहून खाणेपिणे, सांगितले आहे. आपण गृहस्थ. आपल्या हाती चष्मा आहे, मग हयगय का?

चष्मा निघाला तेराव्या शतकाच्या अखेरीस, इटलीत. भारतातला त्याचा १५०० ते १८०० पर्यंतचा इतिहास पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी शोधून लिहिला. चाळिशीला डोळ्यातले भिंग ताठर होऊ लागते, जवळचे दिसेनासे होते. म्हणून मराठीत चष्म्याचे नावच पडले चाळशी! दूरचे आणि जवळचे एकाच चष्म्यातून दिसावे म्हणून बेंजामिन फ्रँकलिनने दोन अर्ध्या काचा जोडल्या. १७८५ च्या पत्रात त्याने तसे लिहिले आहे. मधली रेघ नसलेला प्रोग्रेसिव्ह चष्मा फ्रान्समध्ये १९५९ साली विक्रीस आला.

मी या वेळी फ्रेम शेवटी निवडली. आधी घरी टेपने अंतरे मोजली: पोथी किती लांब, ताट किती, ओटा किती. बायफोकलमध्ये ओट्याचे मधले अंतर नीट दिसत नाही, प्रोग्रेसिव्हमध्ये दिसते. मात्र जिना उतरताना दोन्हींत खालच्या काचेतून पायरी पुसट दिसते, तेव्हा मान खाली घालून पाहावे.

आणखी एक. साठीनंतर एकाएकी चष्म्याशिवाय वाचता येऊ लागले तर हुरळून जाऊ नका. मोतीबिंदू होताना असे घडते. दुकानात नंबर काढून भागत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.

परवा पुन्हा डाळ निवडली. नातीला तपासायला दिली. तिला काही सापडले नाही.