बिऱ्हाड, भाडेकरू, परवानाधारक : पुण्याच्या महाविद्यालयीन उपनगरातील निवासाचा शब्देतिहास

नगरांचा इतिहास बहुधा मालकांच्या कागदपत्रांवरून लिहिला जातो. खरेदीखते, इनामपत्रे, नगरभूमापनाचे उतारे आणि संस्थांचे अहवाल ही साधने सुदैवाने टिकून राहतात, आणि जे टिकते त्यावरच इतिहासकाराची भिस्त असते. परंतु ज्या नगरात दरवर्षी जून महिन्यात सहस्रावधी विद्यार्थी येतात, दोनचार वर्षे राहतात आणि निघून जातात, त्या नगराचा मोठा भाग भाड्याने राहणाऱ्यांचा असतो. त्यांचा लेखी पुरावा अत्यल्प. मात्र त्यांच्या राहण्याने भाषेत जे शब्द आणले, रुजवले आणि टाकून दिले, ते शब्द हाही एक प्रकारचा दप्तरखानाच होय. मुठा नदीच्या पश्चिमेकडील पुण्याचे उपनगर, म्हणजे भांबुर्डे, डेक्कन जिमखाना, एरंडवणे आणि पुढे कोथरूड हा पट्टा, या दृष्टीने तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम या उपनगराच्या उत्पत्तीविषयी. १८८५ मध्ये स्थापन झालेले फर्ग्युसन महाविद्यालय आरंभी शहरातील वाड्यांत भरत असे. १८९५ मध्ये ते नदीपलीकडे, टेकडीच्या पायथ्याशी बांधलेल्या स्वतःच्या वास्तूत गेले. त्या वेळी तेथे शेते होती आणि माळ होता. वस्ती पेठांतच होती, आणि विद्यार्थी व अध्यापक लकडी पुलावरून जा-ये करीत. पुढे अवघ्या दोन वर्षांत, १८९७ च्या प्लेगने, पेठांतील दाट वस्ती ही प्राणसंकट ठरू शकते याचा अनुभव पुणेकरांस आला. साथीच्या दिवसांत घरे सोडून गावाबाहेर झोपड्या घालून राहण्याचा प्रघात पडला. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम १९०० मध्ये हिंगण्यास नेला आणि तेथून फर्ग्युसनमधील अध्यापनासाठी ते चिखलमातीतून पायी येत, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. महाविद्यालयाने नदी ओलांडण्याचे निमित्त दिले, प्लेगने कारण दिले.

१९०६ मध्ये डेक्कन जिमखाना ही क्रीडासंस्था निघाली आणि तिच्या नावानेच पुढे वसाहत ओळखली जाऊ लागली. १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९२४ मध्ये विधी महाविद्यालय, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था, १९३३ मध्ये एरंडवण्यास आलेली प्रभात फिल्म कंपनी, १९४३ मध्ये बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय, आणि १९४९ मध्ये गणेशखिंडीत पुणे विद्यापीठ, हा क्रम पाहिला म्हणजे या भागात शिकणारे, शिकवणारे आणि चाकरीनिमित्त येणारे यांची संख्या का वाढत गेली हे निराळे सांगावे लागत नाही. प्रश्न उरतो तो असा की, ही सर्व माणसे राहिली कोठे, कोणत्या नात्याने, आणि त्या नात्यास त्यांनी काय म्हटले?

पेठांतील वाड्याचा शब्द ‘बिऱ्हाड’ हा होता. याचे जुने रूप ‘बिढार’. भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ च्या आपल्या कादंबरीस शीर्षक म्हणून तेच जुने रूप योजले आहे. कन्नडातील ‘बिडार’ हा शब्दही तात्पुरत्या मुक्कामाचाच वाचक आहे, आणि तेथील ‘बिडु’ म्हणजे सोडणे या धातूशी त्याचा संबंध दिसतो. म्हणजे प्रवासी जेथे ओझे सोडतो, ती जागा. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ या म्हणीत हा अर्थ स्वच्छ शिल्लक आहे. परंतु वाड्यात मात्र या शब्दाने अर्थाची एक उडी घेतली. बिऱ्हाड म्हणजे केवळ जागा नव्हे, तर त्या जागेत राहणारे कुटुंब, त्याची चूल, त्याची भांडीकुंडी, असा समग्र अर्थ रूढ झाला. ‘बिऱ्हाड मांडणे’, ‘बिऱ्हाड हलवणे’, ‘बिऱ्हाडबाजले’ हे प्रयोग पाहावेत. ‘आमच्या वाड्यात आठ बिऱ्हाडे होती’ असे वाक्य बोलणारा माणूस खोल्या मोजत नाही. तो चुली मोजतो.

जागेचे मोजमाप निराळ्या शब्दाने होई. दोन खांबांमधील अंतर तो ‘खण’, आणि ‘दोन खणांची जागा’ हे वर्णन पुरेसे असे. मालक आणि बिऱ्हाडकरू यांस एकच दिंडी, एकच आड, एकच चौक. व्यवहार तोंडी. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे आत्मचरित्रपर लेखन मराठीत विपुल आहे. त्यातील जिव्हाळा खोटा नव्हे. तथापि हेही ध्यानात ठेवले पाहिजे की, आड एक असल्यामुळेच बिऱ्हाडकरूची जात पाहिली जाई. जेथे पाणी समाईक, तेथे प्रवेश निवडक. बडोद्यास १९१७ मध्ये नोकरीवर रुजू होण्यास गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस राहण्यास जागा मिळाली नाही, आणि नाव लपवून ज्या पारशी उतारगृहात ते राहिले तेथून त्यांस लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले, ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. कोलंबिया विद्यापीठात विद्याध्ययन केलेल्या पुरुषासही बिऱ्हाड मिळत नव्हते. ‘बिऱ्हाड’ या शब्दातील आपुलकीची ऊब आणि तिची कुंपणे ही एकाच चुलीभोवतीची आहेत.

एकट्या विद्यार्थ्यास तर बिऱ्हाड हा शब्द लागूच पडत नसे, कारण त्याची चूल नव्हती. तो कोणाच्या माडीवरील खोलीत राही. जेवणासाठी ‘वार’ लावी, म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवी. अथवा माधुकरी मागे. ऐपत असल्यास खानावळीत जाई. राहणे आणि जेवणे यांची अशी फारकत हे विद्यार्थिजीवनाचे लक्षण होते, आणि ते शब्दांत उतरले आहे. ‘खोली करून राहणे’ हा वाक्प्रचार एकट्याचा; ‘बिऱ्हाड करणे’ हा कुटुंबाचा.

नदीपलीकडे वस्ती झाली तेव्हा वाड्याच्या जागी ‘बंगला’ आला. बंगल्यास चौक नव्हता, समाईक आड नव्हता. सभोवती आवार होते आणि मागे ‘आउटहाऊस’ होते. बंगला बांधणारा प्राध्यापक, वकील अथवा निवृत्त अधिकारी बहुधा खालचा किंवा वरचा मजला भाड्याने देई. या नव्या भाडेकरूशी मालकाचे नाते भिंतीने विभागलेले होते, आणि त्याच सुमारास ‘ब्लॉक’ हा शब्द मराठीत स्थिरावला. ब्लॉक म्हणजे स्वतःचे दार, स्वतःचा नळ आणि स्वतःची मोरी असलेली जागा. येथे मोजणीचे एकक चुलीवरून दारावर आले.

‘भाडे’ हा शब्द संस्कृत ‘भाटक’ यापासून प्राकृताच्या द्वारा आलेला, जुना आणि निर्विकार. ‘भाडेकरू’ मधील ‘करू’ हा प्रत्यय ‘यात्रेकरू’ आणि ‘बिऱ्हाडकरू’ या शब्दांतही आढळतो. तिघेही मूलतः येऊन जाणारे. या येऊन जाणाऱ्या माणसास कायद्याने स्थिर केले, ही विसाव्या शतकातील मोठी घटना होय. पहिल्या महायुद्धकाळात, १९१८ मध्ये, मुंबई इलाख्यात भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा झाला. त्याहून दूरगामी ठरला तो १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा. या कायद्याने प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडे होते त्यास बांधले, आणि विहित कारणांवाचून भाडेकरूस काढण्यास बंदी केली. युद्धोत्तर टंचाईच्या काळात या कायद्याने असंख्य कुटुंबांचे छप्पर वाचवले, हे निर्विवाद आहे. परंतु भाडे गोठले आणि वस्तूंचे भाव गोठले नाहीत. मालकाने डागडुजी सोडली. रिकामी झालेली जागा पुन्हा भाड्याने देण्यास तो कचरू लागला. आणि ‘पागडी’ या शब्दास नवा अर्थ प्राप्त झाला. डोक्यावरील मानाचे वस्त्र हे जागेच्या ताब्यासाठी गुपचूप द्यावयाच्या रकमेचे नाव झाले. कायद्याने तिला मनाई केली होती, म्हणूनच तिला टोपणनाव लागले.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांतील वाडे पाडले. वाडा पडला की त्यातील बिऱ्हाडेही विखुरली. पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर यांसारख्या वसाहती झाल्या. याच दशकात सहकारी संस्थांचा १९६० चा आणि मालकी सदनिकांचा १९६३ चा असे दोन कायदे झाले, आणि इमारतीतील एका मजल्यावरील चार भिंती स्वतंत्रपणे विकत घेणे मध्यमवर्गास शक्य झाले. ‘सदनिका’ हा घडवलेला शब्द कागदोपत्री रूढ झाला. बोलण्यात ‘फ्लॅट’च राहिला. ‘सोसायटी’ हा शब्द तर सहकारी संस्थेवरून सरळ इमारतीच्या आवारास लागला. या उपनगरातील पुष्कळ बंगले पुढे पाडले गेले आणि त्यांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. भाडेकरू हटत नाही म्हणून मालकाने भाडेकरूच नको असे ठरवले. पण भाडे तर हवे होते. या पेचातून वाट काढली ती एका शब्दाने. भाडेपट्ट्याची व्याख्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात आहे, आणि त्याच वर्षीच्या सुविधाधिकार कायद्यात ‘परवाना’ याची व्याख्या आहे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क उत्पन्न होतो. परवान्याने केवळ अनुमती मिळते. तेव्हा करारात ‘भाडे’ ऐवजी ‘परवाना शुल्क’ लिहावे, ‘भाडेकरू’ ऐवजी ‘परवानाधारक’ लिहावे, म्हणजे भाडेनियंत्रण लागू होत नाही, अशी ही युक्ती. एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची असल्याने अकरा महिन्यांचा लेख करण्याची वहिवाट पडलेली होतीच. तीच परवान्यासही लागली.

सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्स विरुद्ध कपूर या निवाड्यात सांगितले होते की, दस्तऐवजास पक्षकार कोणते नाव देतात यापेक्षा त्याचा आशय काय हे पाहावयाचे. नामापेक्षा अर्थ श्रेष्ठ, हे तत्त्व आम्हां भाषाभ्यासकांस परिचितच आहे. पुढे १९७३ च्या दुरुस्तीने, १ फेब्रुवारी १९७३ रोजी परवान्याने ताबा असलेल्यांस भाडेकरूंचा दर्जा देण्यात आला. परंतु त्या तरतुदीतील शब्द नीट वाचावेत. संरक्षण मिळाले ते एका खोलीहून कमी नाही एवढी जागा असणाऱ्यास. खोलीत खाट टाकून राहणारा विद्यार्थी त्यात बसला नाही. ‘पेइंग गेस्ट’ यासही स्पष्टपणे वगळले होते. याचा दुसरा परिणाम असा की, अनेक मालकांनी सदनिकांस कुलूप लावणे पसंत केले.

१९९७ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने गोठलेल्या प्रमाणभाड्याच्या तरतुदी आता वाजवी राहिलेल्या नाहीत असे मत दिले. त्यानंतरचा १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने जुन्या भाड्यात प्रतिवर्षी चार टक्के वाढीस मुभा दिली, पागडीस उघड मान्यता दिली, आणि परवान्याची मुदत संपताच जागा परत मिळवण्याचा जलद मार्ग मालकास दिला. करार लेखी व नोंदणीकृत असला पाहिजे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची, हेही त्यात आहे. करार नोंदलेला नसेल तर अटींविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईतो, ग्राह्य धरावे असे कलम ५५ सांगते. आज या उपनगरात खोली घेणाऱ्या किती विद्यार्थ्यांस हे ठाऊक असते?

‘पेइंग गेस्ट’ या संज्ञेचा प्रवास तर विशेष बोधप्रद आहे. कायद्याच्या व्याख्येनुसार ज्या घरात परवाना देणारा स्वतः राहतो, त्याच घराचा एक भाग घेऊन राहणारी, कुटुंबाबाहेरची व्यक्ती म्हणजे पेइंग गेस्ट. बोलीतील ‘पीजी’ मात्र एखादी सबंध इमारत असू शकते, जेथे मालक कधी फिरकतही नाही. पाहुण्याचे नाव राहिले, यजमान गेला. त्या इमारतीत जागा ‘कॉट बेसिस’वर मिळते. अशा रीतीने शंभर वर्षांत निवासाचे एकक चुलीवरून दारावर, आणि दारावरून खाटेवर आले. एकक जसजसे लहान झाले, तसतसा राहणाऱ्याचा हक्कही क्षीण झाला, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येत नाही.

प्रवेशाची कुंपणे मात्र एककाबरोबर लहान झाली नाहीत. ‘फक्त शाकाहारी’, ‘कुटुंबासच’, ‘विद्यार्थी नकोत’ ही जाहिरातींतील आणि दलालांच्या तोंडची परिभाषा समाईक आड बुजल्यानंतरही टिकली आहे. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात, सदस्यत्व एका समाजापुरते मर्यादित ठेवणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. भाडे किती असावे हे कायद्याने सांगितले. भाड्याने कोणास द्यावे याविषयी भाडेनियंत्रणाचा कायदा मूकच राहिला.

सारांश, ‘बिऱ्हाडकरू’, ‘भाडेकरू’ आणि ‘परवानाधारक’ हे पर्यायशब्द नव्हेत. पहिला शब्द नात्याचा आहे, दुसरा हक्काचा आणि तिसरा अनुमतीचा. या तीन शब्दांच्या अनुक्रमात या उपनगराचा सामाजिक इतिहास सामावलेला आहे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस येथे कामाचे मोठे क्षेत्र आहे. वाड्यांतील भाडेपावत्या, खानावळींच्या वह्या, अकरा महिन्यांचे करार, वृत्तपत्रांतील ‘जागा पाहिजे’च्या जाहिराती ही साधने कोणी जपत नाही, कारण ती जपण्याजोगी आहेत असे कोणास वाटत नाही. वाडे पाडताना ती प्रथम रद्दीत जातात. ती गोळा करणे निकडीचे आहे. आणि गोळा करणाऱ्याने आपल्या स्वतःच्या खोलीचा करारही एकदा काळजीपूर्वक वाचून त्या संग्रहात ठेवावा.