मागच्या राष्ट्राध्यक्षाचा माणूस

१ डिसेंबर २००८ रोजी शिकागोत बराक ओबामांनी राष्ट्रीय सुरक्षेची जबाबदारी सांभाळणारी आपली मंडळी जाहीर केली. परराष्ट्र खात्याला हिलरी क्लिंटन, न्याय खात्याला एरिक होल्डर, सुरक्षा सल्लागार म्हणून निवृत्त जनरल जेम्स जोन्स. या सगळ्यांना नवी पदे मिळत होती. रॉबर्ट गेट्स यांना मात्र काहीच नवे मिळत नव्हते. ते त्या दिवशी जॉर्ज बुश यांचे संरक्षणमंत्री होते आणि २० जानेवारीनंतर ओबामांचे संरक्षणमंत्री असणार होते. ज्या इराक युद्धाला विरोध करत ओबामा निवडून आले, ते युद्ध प्रत्यक्ष चालवणाऱ्या माणसालाच त्यांनी थांबवून घेतले. निवडून आलेल्या नव्या राष्ट्राध्यक्षाने आधीच्या संरक्षणमंत्र्याला त्याच खुर्चीवर राहायला सांगितले, असे अमेरिकेत तेव्हा पहिल्यांदा घडले आणि त्यानंतर आजवर पुन्हा घडलेले नाही.

संरक्षणमंत्री हे पद तसे अलीकडचे, १९४७ सालचे. त्याआधी होते युद्ध खाते, थेट १७८९ पासूनचे. मंत्री राखण्याची कुळकथा सांगायची तर त्या खात्यापर्यंत मागे जावे लागते.

कायद्याची आडकाठी यात नव्हती. अमेरिकेच्या राज्यघटनेने मंत्र्याला मुदत घालून दिलेली नाही. सिनेटने एकदा नेमणूक मान्य केली की तो राजीनामा देईपर्यंत किंवा राष्ट्राध्यक्षाने काढेपर्यंत मंत्री असतो. राष्ट्राध्यक्ष बदलला म्हणून मंत्र्याची खुर्ची आपोआप रिकामी होत नाही. ती रिवाजाने रिकामी होते, आणि हा रिवाज पडला तो एका वाईट अनुभवातून, असे माझे मत आहे.

४ मार्च १७९७ रोजी जॉन अॅडम्स देशाचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले. एका राष्ट्राध्यक्षाने दुसऱ्याच्या हाती कारभार सोपवण्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे गिरवायला कित्ता नव्हता. जॉर्ज वॉशिंग्टन यांचे मंत्री होते तसेच ठेवावेत, असे अॅडम्स यांना वाटले. पक्ष एकच होता. वॉशिंग्टन यांनी निवडलेल्या माणसांना घरी पाठवणे म्हणजे त्या थोर पुरुषाचा अवमान झाला असता. शिवाय तुटपुंज्या पगारात राजधानीत येऊन राहायला चांगली माणसे तयार होत नसत. खुद्द वॉशिंग्टन यांना दुसऱ्या कारकिर्दीत मंत्री मिळवताना नाकी नऊ आले होते. तेव्हा परराष्ट्र खात्यात टिमथी पिकरिंग, अर्थ खात्यात ऑलिव्हर वोलकॉट आणि युद्ध खात्यात जेम्स मॅकहेन्री राहिले.

मॅकहेन्री मूळचे डॉक्टर. स्वातंत्र्ययुद्धात सैन्याबरोबर शल्यवैद्य होते, पुढे वॉशिंग्टन यांच्या हाताखाली सचिव म्हणून राहिले. मनमिळाऊ माणूस, पण खाते पेलण्याचा वकूब बेताचा. आणि मुख्य म्हणजे हे तिघेही मनाने माजी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे होते. हॅमिल्टन तेव्हा कोणत्याही पदावर नव्हते, न्यूयॉर्कात वकिली करत होते. तरी फ्रान्सशी तंटा वाढल्यावर अॅडम्स यांनी मंत्र्यांकडे लेखी मते मागितली, तेव्हा मॅकहेन्रींनी ते प्रश्न हॅमिल्टन यांच्याकडे धाडले आणि त्यांचे उत्तर जवळजवळ जसेच्या तसे स्वतःचे म्हणून राष्ट्राध्यक्षांपुढे ठेवले. आपण आपल्याच युद्धमंत्र्याचा सल्ला वाचतो आहोत असे अॅडम्स समजत होते. १७९८ मध्ये नवे सैन्य उभे राहायला लागले तेव्हा वॉशिंग्टन यांच्या खालोखालचा हुद्दा हॅमिल्टन यांना मिळावा म्हणून याच मंत्र्यांनी आतून सूत्रे हलवली. राष्ट्राध्यक्षांच्या मनात वेगळे होते, पण वॉशिंग्टन यांच्या शब्दापुढे त्यांना नमते घ्यावे लागले.

हे सारे कळायला अॅडम्स यांना तीन वर्षे लागली. मे १८०० मध्ये एका संध्याकाळी त्यांनी मॅकहेन्रींना बोलावून घेतले. बोलणे किरकोळ कामाचे होते; ते संपवून मंत्री निघणार एवढ्यात अॅडम्स यांचा संयम सुटला आणि हॅमिल्टन यांच्या गुलामीपासून खात्याच्या गलथान कारभारापर्यंत सगळे त्यांनी बोलून टाकले. दुसऱ्या दिवशी मॅकहेन्रींनी राजीनामा दिला. पिकरिंग यांनी द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांना सरळ बडतर्फ केले. बाल्टिमोर बंदरातल्या किल्ल्याला आजही मॅकहेन्रींचेच नाव आहे. १८१४ मध्ये त्यावर झालेला तोफांचा मारा पाहूनच अमेरिकेच्या राष्ट्रगीताचे शब्द लिहिले गेले. मंत्री म्हणून मात्र त्यांनी मागे ठेवला तो धडा. माणूस ठेवायला हरकत नाही, पण तो कोणाचा म्हणून राहतो आहे हे आधी विचारून घ्यायला हवे. अॅडम्स यांनी ते विचारलेच नाही.

त्यानंतरच्या दोन शतकांत निवडणूक होऊन नवा राष्ट्राध्यक्ष आला की युद्ध खात्याला नवा मंत्री, हेच ठरून गेले. कधी जुन्याने नवा येईपर्यंत काही दिवस खाते सांभाळले, एवढेच. मंत्री टिकून राहिला तो राष्ट्राध्यक्ष दगावला, मारला गेला किंवा मध्येच पायउतार झाला तेव्हा. म्हणजे मंत्री ठेवायचा की नाही हे जणू मृत्यूच ठरवू लागला.

अशा टिकलेल्यांपैकी सर्वात वादळी माणूस एडविन स्टँटन. १८६२ पासून लिंकन यांचे युद्धमंत्री. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडे स्टँटन जणू वारसाहक्काने आले. यादवी संपली होती, पण हरलेल्या दक्षिणेत सैन्य होते आणि मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांचे हक्क त्या सैन्यावरच टिकून होते. जॉन्सन यांना दक्षिणेतल्या जुन्या मंडळींना सवलती द्यायच्या होत्या. काँग्रेसला ते मान्य नव्हते. स्टँटन काँग्रेसच्या बाजूचे. त्यांना हात लागू नये म्हणून मार्च १८६७ मध्ये काँग्रेसने कायदाच केला: सिनेटच्या संमतीवाचून अशा पदाधिकाऱ्याला काढता येणार नाही, आणि ज्या राष्ट्राध्यक्षाने मंत्री नेमला त्याच्या कारकिर्दीपुरते व त्यानंतर एक महिना तो पदावर राहील.

शेवटच्या कलमात मोठी मेख होती. स्टँटन यांना नेमले होते लिंकन यांनी. मग जी चालू होती ती कारकीर्द कोणाची, लिंकन यांची की जॉन्सन यांची? स्टँटन यांना या कायद्याचे संरक्षण होते की नव्हते? मॅकहेन्रींच्या वेळी जो प्रश्न कोणी उघड विचारला नव्हता, तो आता कायद्याच्या कलमात येऊन बसला.

२१ फेब्रुवारी १८६८ रोजी जॉन्सन यांनी स्टँटन यांना बडतर्फ केले आणि जनरल लोरेंझो थॉमस यांना हंगामी मंत्री म्हणून पत्र देऊन पाठवले. स्टँटन यांनी कचेरी सोडली नाही. तिथेच मुक्काम ठोकला आणि थॉमस यांच्याविरुद्ध फिर्याद केली. सिनेटर चार्ल्स समनर यांनी त्यांना एका शब्दाची चिठ्ठी धाडली. तिचा अर्थ, ठाण मांडून बसा. थॉमस त्या रात्री मुखवट्यांच्या नाचाला गेले होते. सकाळी न्याहारीआधीच त्यांना अटक झाली. जामिनावर सुटून ते पुन्हा युद्ध खात्यात आले आणि पद मागू लागले. दोघांची थोडी हमरीतुमरी झाली. मग थॉमस यांनी गाऱ्हाणे मांडले की पुढच्या वेळी अटक करवणार असाल तर निदान पोटात काही जाऊ द्या. स्टँटन यांनी त्यांच्या गळ्यात हात टाकला, केसांतून बोटे फिरवली आणि व्हिस्की मागवली. एका खुर्चीचे दोन दावेदार असे एकत्र बसून प्याले. ही हकिगत पुढे थॉमस यांनीच साक्षीत सांगितली.

बाहेर मात्र वणवा पेटला होता. तीनच दिवसांत प्रतिनिधिगृहाने राष्ट्राध्यक्षांवर महाभियोग आणला. अमेरिकेतला हा पहिला. मे महिन्यात सिनेटमध्ये ३५ विरुद्ध १९ मते पडली. दोषी ठरवायला ३६ लागत होती. जॉन्सन एका मताने वाचले आणि स्टँटन यांनी त्यानंतर कचेरी सोडली. तो कायदा १८८७ मध्ये रद्द झाला. राखलेल्या युद्धमंत्र्यापायी राष्ट्राध्यक्षपदच जाता जाता राहिले, हे पाहिल्यावर पुढच्यांनी सावध न होणे कठीण होते.

पण प्रत्येक वारसा असा कडू निघाला नाही. १८८१ मध्ये गारफिल्ड यांच्या हत्येनंतर चेस्टर आर्थर यांनी ठेवलेले युद्धमंत्री रॉबर्ट लिंकन हे अब्राहम लिंकन यांचे चिरंजीव. त्यांनी कारकीर्द शेवटपर्यंत निभावली. मॅकिन्ली यांच्यानंतर थिओडोर रूझवेल्ट यांनी एलिहू रूट यांना ठेवले आणि रूट यांनी सैन्याची घडी नव्याने बसवली.

या सगळ्यांत मला सर्वात मोलाचे वाटतात ते हेन्री स्टिमसन. रिपब्लिकन पक्षाचे, टॅफ्ट यांच्या काळी एकदा युद्धमंत्री झालेले. १९४० मध्ये डेमोक्रॅट फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी त्यांना पुन्हा त्याच खात्यात आणले. १२ एप्रिल १९४५ ला रूझवेल्ट गेले. संध्याकाळी हॅरी ट्रुमन यांचा शपथविधी झाला, मंत्रिमंडळाची छोटी बैठक झाली, मंडळी पांगली. सत्त्याहत्तर वर्षांचे स्टिमसन मागे थांबले. अत्यंत निकडीच्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे, म्हणाले. विलक्षण शक्तीचे एक नवे स्फोटक तयार होत आहे, एवढेच त्यांनी त्या संध्याकाळी सांगितले. उपराष्ट्राध्यक्ष असताना ट्रुमन यांना अणुबॉम्बचा पत्ताच नव्हता. २५ एप्रिलला स्टिमसन टिपण घेऊन आले, बॉम्ब-प्रकल्पाचे प्रमुख जनरल ग्रोव्ह्जही आले, आणि देशाच्या प्रमुखाला आपल्याच देशात काय बनते आहे ते नीट कळले. स्टिमसन यांनाही रिवाजाप्रमाणे निरोप दिला असता तर? देश युद्धात असताना संरक्षण खात्याचा जुना माणूस का लागतो, याचे याहून ठळक उदाहरण माझ्यापुढे नाही. कागदावर न आलेले, येऊ नये असेच बरेच काही त्या माणसापाशी असते. आणि त्या बॉम्बचे पुढे जे झाले ते पाहता, हे ज्ञान किती जड होते हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे याच प्रश्नाला यशवंतराव चव्हाण सामोरे गेले. इथे घटनेची रीत उलटी आहे: पंतप्रधान गेला की त्याच्याबरोबर सारे मंत्रिमंडळच जाते, प्रत्येकाला नव्याने शपथ घ्यावी लागते. चीनच्या आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, हे मराठी माणसाच्या तोंडी आजही आहे. पण पुढे नेहरू गेले, शास्त्री आले, शास्त्री ताश्कंदला गेले आणि इंदिरा गांधी आल्या, मध्ये दोनदा गुलझारीलाल नंदांनी हंगामी कारभार पाहिला. या सगळ्यांत संरक्षण खाते नोव्हेंबर १९६६ पर्यंत चव्हाणांकडेच राहिले, हे आपण त्या मानाने कमी सांगतो. १९६५ चे युद्ध त्यातच झाले. चार पंतप्रधानांना एकच माणूस आपला वाटावा, ही गोष्ट मला त्या गाजलेल्या वाक्याइतकीच मोठी वाटते.

अमेरिकेत १९६३ मध्ये केनेडींच्या हत्येनंतर लिंडन जॉन्सन यांनी रॉबर्ट मॅकनमारा यांना ठेवले आणि व्हिएतनामची दलदल दोघांनाही गिळत गेली. १९७४ मध्ये फोर्ड यांनी निक्सन यांचे जेम्स श्लेसिंजर ठेवले, पण दोघांचे जमले नाही. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात श्लेसिंजर यांची गच्छंती झाली आणि डोनाल्ड रम्सफेल्ड आले. हेच रम्सफेल्ड २००१ मध्ये धाकट्या बुश यांच्याकडे परत आले, आणि २००६ मध्ये इराकच्या अपयशापायी ते गेल्यावर त्यांच्या जागी गेट्स आले.

गेट्स मुरलेले. सीआयएचे माजी प्रमुख, टेक्सासमध्ये एका मोठ्या विद्यापीठाचे अध्यक्ष. सिनेटने त्यांना ९५ विरुद्ध २ मतांनी मान्यता दिली. पदाची त्यांना हौस नव्हती. २० जानेवारी २००९ ला किती दिवस उरले ते मोजणारे एक छोटे घड्याळ ते जवळ बाळगत. पण इराक आणि अफगाणिस्तानात मिळून लाखाहून अधिक अमेरिकन सैनिक होते, आणि व्हिएतनामनंतर पहिल्यांदाच रणात सैन्य असताना सत्तांतर होणार होते.

सिनेटर जॅक रीड यांनी मध्यस्थी केली. गेट्स यांनी आधी प्रश्नांची यादीच पाठवली: मीच का, किती काळ, खात्यातली इतर माणसे कोण निवडणार, अर्थसंकल्पाचे काय. १० नोव्हेंबर २००८ ला वॉशिंग्टनच्या विमानतळावर अग्निशमन केंद्रात ओबामा आणि गेट्स भेटले. दोन्हीकडच्या गाड्या आत घेऊन दारे लावता यावीत म्हणून बंब बाहेर काढले होते. ओबामा ती यादी सोबत घेऊन आले आणि एकेका प्रश्नाला उत्तर देत गेले. अॅडम्स यांनी जे विचारले नाही ते इथे विचारले गेले, आणि तेही राहणाऱ्या माणसाने. साधारण वर्षभराची बोली झाली, पण ती जाहीर करायची नाही असे ठरले; जायची तारीख ठरलेल्या मंत्र्याला खाते जुमानत नाही, हे दोघे जाणून होते.

गेट्स यांना सिनेटपुढे पुन्हा जावे लागले नाही. शपथविधीच्या दिवशी घातपात झालाच तर सरकारात कोणीतरी उरावे म्हणून एका अधिकाऱ्याला दूर ठेवतात. २० जानेवारी २००९ ला तो मान त्यांच्याकडे आला. भर दुपारी सत्ता बदलत असताना ते सोहळ्यापासून लांब, एका लष्करी ठाण्यावर होते. तीन महिन्यांत त्यांनी एफ-२२ विमानांची खरेदी १८७ वर थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. नव्या डेमोक्रॅट मंत्र्याने हे केले असते तर विरोधकांनी त्याला सैन्याचा वैरी ठरवले असते. बुश यांच्या माणसाला तसे म्हणणे अवघड गेले. वर्षाची बोली अडीच वर्षांवर गेली. ३० जून २०११ ला ते निवृत्त झाले, आणि ओबामांनी त्या दिवशी त्यांना देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान दिला. २०१४ मध्ये, ओबामा पदावर असतानाच, गेट्स यांचे आत्मकथन आले. त्यात व्हाइट हाउसच्या कारभारावर आणि उपराष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्यावर सडकून टीका आहे. मला ती वेळ चुकीची वाटते, काम मात्र खोटे वाटत नाही.

पुढे हा पायंडा कोणी चालवला नाही. २०१७ मध्ये जेम्स मॅटिस यांना सिनेटने शपथविधीच्याच दिवशी मान्यता दिली. २०२१ मध्ये लॉइड ऑस्टिन यांना ती मिळायला दोन दिवस लागले, आणि तेवढ्यापुरते खाते आधीचे उपमंत्री डेव्हिड नॉर्क्विस्ट यांनी पाहिले.