मूक वर्गातील सहाध्यायी

सन २००८ च्या शरद ऋतूत कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स व स्टीफन डाउन्स या दोघा अभ्यासकांनी एक वर्ग भरविला. शुल्क भरून नाव नोंदविलेले विद्यार्थी अवघे २५ होते. परंतु त्यांनी वर्गाची दारे इंटरनेटवरून सर्वांना विनामूल्य उघडी केली, आणि पाहता पाहता सुमारे २,२०० माणसे आत येऊन बसली. बसली म्हणण्यापेक्षा वावरू लागली म्हणणे अधिक योग्य. कारण व्यासपीठावर वक्ता आणि समोर श्रोते अशी ती रचनाच नव्हती. ज्याने त्याने आपल्या जागी लिहावे, दुसऱ्याचे वाचावे, त्यावर वाद घालावा, आणि या साऱ्या लेखनाचा मागोवा घेणारी एक दैनिक पत्रिका सर्वांच्या हाती पडावी, असा क्रम होता. विषयही त्याला साजेसाच: ज्ञान हे संबंधांच्या जाळ्यात वसते, या मताची चर्चा.

याच वर्गाच्या निमित्ताने डेव्ह कॉर्मिये यांनी अशा पाठ्यक्रमांना एक नाव सुचविले. 'प्रचंड, खुला, इंटरनेटवरील पाठ्यक्रम' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची आद्याक्षरे जोडून ते झाले 'मूक'. मराठीत लिहिताच त्याला निराळाच अर्थ चिकटतो. नाव ठेवणाऱ्याच्या तो स्वप्नीही नसेल. परंतु पुढील इतिहास पाहता तो अगदीच अस्थानी वाटत नाही.

२०११ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सेबास्टियन थ्रुन व पीटर नॉर्विग यांच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या पाठ्यक्रमास सुमारे १ लक्ष ६० हजार नावे नोंदली गेली. २०१२ मध्ये युडॅसिटी, कोर्सेरा, एडएक्स उभ्या राहिल्या, आणि 'न्यूयॉर्क टाइम्स'ने ते वर्षच 'मूक'चे वर्ष ठरविले. नाव तेच राहिले. रचना मात्र उलटली. छोट्या चित्रफिती, यंत्राने तपासले जाणारे प्रश्न, आणि पडद्यासमोर एकेकटा विद्यार्थी. सहाध्यायांचे बोलणे हा आरंभीच्या वर्गाचा प्राण होता. तो आता कडेची एक सोय झाला. लक्षावधींच्या संख्येने दिपलेल्या विद्यापीठांना आपण काही गमावीत आहोत असे त्या वेळी वाटल्याचे दिसत नाही.

पण आकडे बोलू लागले. २०१२ च्या वसंतात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने विद्युत परिपथांचा पाठ्यक्रम खुला केला. नावे आली १,५४,७६३. त्यांत अमेरिकेखालोखाल भारतीयांचा क्रमांक होता, तेरा हजारांहून अधिक. प्रमाणपत्रे मिळाली ७,१५७ जणांना. पुढल्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की एकूण विद्यार्थ्यांपैकी केवळ ३ टक्के चर्चेत बोलले होते. प्रमाणपत्र मिळविणाऱ्यांत मात्र निम्म्याहून अधिकांनी चर्चेत भाग घेतला होता. बोलले म्हणून टिकले, की टिकणारेच बोलके होते, याचा निवाडा या आकड्यांवरून होत नाही. त्याच अभ्यासातील दुसरी नोंद अधिक विचार करावयास लावणारी आहे. ज्याने पडद्याबाहेर, प्रत्यक्ष कोणा सहाध्यायाबरोबर किंवा जाणकाराबरोबर बसून अभ्यास केला, त्याचे अपेक्षित गुण एकट्याने शिकणाऱ्यापेक्षा जवळजवळ तीनने अधिक निघाले.

याच पाठ्यक्रमात मंगोलियाची राजधानी उलानबातर येथील १५ वर्षांच्या एका मुलाने पैकीच्या पैकी गुण मिळविले, आणि पुढे त्याच संस्थेत त्यास प्रवेश मिळाला. इंटरनेटचा हा चमत्कार म्हणून त्याची कथा जगभर सांगितली गेली. सांगताना अर्धी गाळली गेली. त्या मुलाच्या शाळेचे मुख्याध्यापक हे मॅसॅच्युसेट्सच्या या संस्थेचे पहिले मंगोलियन पदवीधर. त्यांनी आपल्या शाळेतील मुलांचा गटच या पाठ्यक्रमास बसविला. स्टॅनफर्डमध्ये संशोधन करणारा त्यांचा एक मित्र प्रयोगाचे साहित्य घेऊन तेथे आला आणि मुलांबरोबर राहून त्याने ते हाताळावयास शिकविले. व्याख्यान मॅसॅच्युसेट्सहून आले, पण वर्ग उलानबातरातच भरला होता.

गट पाडण्याचा हुकूम सोडून मात्र गट होत नाहीत. २०१३ च्या आरंभी जॉर्जिया टेकने कोर्सेरावर इंटरनेटद्वारा अध्यापन कसे करावे याचाच पाठ्यक्रम सुरू केला. सुमारे ४१ हजार विद्यार्थ्यांनी एका सामाईक तक्त्यात नावे घालून आपापले गट करावेत अशी योजना होती. तक्ता कोसळला, आणि आठवड्याभरात पाठ्यक्रमच स्थगित करावा लागला.

भारतात ९ जुलै २०१७ रोजी केंद्र सरकारने अशा पाठ्यक्रमांसाठी जे दालन उघडले, त्याचे नाव 'स्वयम्'! तथापि व्यवहारात येथे एकट्यावर सारे सोडलेले नाही. आय. आय. टीं.च्या एनपीटीईएल या उपक्रमाने महाविद्यालयांतून स्थानिक शाखा स्थापिल्या. तेथील एखादा प्राध्यापक विद्यार्थ्यांची विचारपूस करतो, आणि प्रमाणपत्राची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रांशी परिचय असलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही.

दरम्यान परदेशी संस्थांचे बरेच पाठ्यक्रम, ज्याला जेव्हा वाटेल तेव्हा आरंभ करावा, असे झाले. सोय मोठी, नोकरी करणाऱ्यास ती हवीच असते. परंतु आता एकजण तिसऱ्या पाठावर असतो, दुसरा दहाव्यावर. कोणी अडखळून चर्चेचे दालन उघडावे, तर नेमका आपलाच प्रश्न तेथे दोन वर्षांपूर्वी विचारलेला आढळतो. खाली उत्तरही असते. विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघेही केव्हाच निघून गेलेले असतात.