ऊतकांचे प्रकाशीय चित्रण

त्वचेवरून निकट-अवरक्त प्रकाश आत सोडून, परत येणाऱ्या प्रकाशावरून जिवंत ऊतकांतील ऑक्सिजनची पातळी व साकळलेले रक्त ओळखण्याचे तंत्र. यात क्ष-किरण लागत नाहीत, कातडीला छेदही द्यावा लागत नाही.

तत्त्व : अंधारात विजेरीवर तळहात ठेवला की बोटे लाल दिसतात, कारण निळा-हिरवा प्रकाश रक्तात शोषला जातो व तांबडा पार होतो. सुमारे ६५० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात रक्त व पाणी दोन्ही कमी प्रकाश शोषतात, त्यामुळे तो काही सेंटिमीटर आत पोहोचतो. सुमारे ८०० नॅनोमीटरला ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिनचे शोषण सारखे असते. त्याखाली, विशेषतः ७६० नॅनोमीटरजवळ, ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन अधिक शोषते, तर त्यापुढे ऑक्सिजनयुक्त. म्हणून निदान दोन तरंगलांब्यांवर मोजणी केली की दोहोंचे प्रमाण कळते.

विकास : बोटाला लावायच्या पल्स ऑक्सिमीटरमागचे तत्त्व जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. हे उपकरण धमनीच्या ठोक्यासरशी बदलणारा प्रकाश मोजते. १९७७ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाचे फ्रान्स योब्सिस यांनी कवटीतून पार होणाऱ्या प्रकाशाने मेंदूतील ऑक्सिजनवर लक्ष ठेवता येते, हे दाखवले.

रक्तस्राव : साकळलेल्या रक्तात हीमोग्लोबिन दाटलेले असल्याने तेथे प्रकाश अधिक शोषला जातो. डोक्याच्या दोन्ही बाजू ताडून पाहिल्या की हा फरक कळतो. या पद्धतीच्या विकासात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे ब्रिटन चान्स यांचा मोठा वाटा होता. तिच्यावर आधारलेले हातात धरायचे उपकरण पृष्ठभागापासून २.५ सेंटिमीटरच्या आतील, ३.५ मिलिलीटरहून मोठा रक्तसंचय ओळखण्यासाठी आहे. दोन्ही बाजूंना सारखाच स्राव असेल, तर तो निसटू शकतो.

चित्रण : अनेक प्रकाशस्रोत व शोधक डोक्याभोवती बसवून संगणकाने त्रिमितीय चित्र उभे करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या मेंदूसाठी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात असे प्रयोग झाले. प्रकाशध्वनिक पद्धतीत लेसरच्या स्पंदाने ऊतक क्षणभर तापून फुगते आणि उमटलेल्या श्राव्यातीत लहरींवरून अधिक रेखीव चित्र मिळते. या परिणामाचा शोध अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८० मध्ये लावला होता.

मर्यादा : ऊतकांत प्रकाश विखुरत असल्याने खोलीबरोबर चित्र धूसर होते. दाट केस व त्वचेतील मेलॅनिन यांचाही मोजमापावर परिणाम होतो. मेंदूतील रक्तस्रावाच्या निश्चित निदानासाठी सीटी स्कॅनसारखी तपासणी करावी लागते.