कूज गोड्या पाण्याची

बोटीला समुद्र खातो, असे बहुतेकांना वाटते. समुद्रात लाकूड पोखरणारे किडे असतात आणि ते जहाजाच्या तळाची चाळण करतात, हे खरे. पण कूज ही गोष्ट वेगळी. कूज म्हणजे बुरशी, आणि खारे पाणी तिला मानवत नाही. पूर्ण बुडालेल्या लाकडातही ती जगत नाही, कारण तिथे हवा नसते. तिला हवे असते मधले काहीतरी: पावसाचे गोडे पाणी, थोडी हवा, अंधार आणि कोणी ढवळाढवळ करणार नाही असा कोपरा. लाकडात वीस टक्क्यांच्या वर ओलावा टिकून राहिला की तिचे काम सुरू होते. म्हणून बोट खालून नव्हे, वरून कुजते. नदीतले पाणी बाहेरच राहते. आभाळातले आत शिरते आणि कोंडते.

इंग्रजांच्या आरमाराला हे कळायला फार वेळ लागला. सॅम्युअल पेपिस हा त्यांच्या नौदलाचा मोठा कारभारी. १६८४ मध्ये तो पुन्हा अधिकारावर आला तेव्हा पार्लमेंटने पैसे मंजूर करून बांधवलेली तीस नवी जहाजे गोदीत नुसती उभी होती. तो त्यांच्या पोटात उतरला आणि मुठीएवढ्या अळंब्या त्याने स्वतःच्या हाताने गोळा केल्या. एकही लढाई न लढता जहाजे सडली होती. कारण त्याने तेव्हाच लिहून ठेवले: आत वारा खेळवला नाही, साफसफाई केली नाही. तपासणीचा अहवाल कसा असावा याचा हा नमुना आहे. आमच्याकडे अजूनही 'हवामानामुळे खराब' असा शेरा मारून मोकळे होतात.

हे सगळे डोक्यात यायला निमित्त झाले एका जुन्या मोटरबोटीचे. मी मूळचा सॅपर. बोटी आणि पूल हे आमचे घरचे काम. सध्या नेमणूक म्हैसूरला, कॅडेट मुलामुलींच्या प्रशिक्षणावर. तलावावर सोळा फुटांची एक फायबरग्लासची बोट आहे, मागे आउटबोर्ड मोटर. बाहेरून रंग छान. आत उभे राहिले की टाचेखाली जमीन दबते. मधल्या बाकाजवळ एका कॅडेटचा पाय घोट्यापर्यंत खाली गेला, तेव्हा 'बोट बाद करा की दुरुस्त करा' हा प्रश्न माझ्याकडे आला. बाद केली तर नवी येईपर्यंत दोन तुकड्या पाण्याला पाय न लावता प्रमाणपत्र घेऊन जाणार. दुरुस्त केली आणि काम कच्चे राहिले, तर पुढच्या वेळी पाय घोट्यावर थांबेलच असे नाही.

लोक म्हणतात, फायबर कुजत नाही. बरोबर. पण या घडणीच्या बोटीत बाहेरचे कवच तेवढे फायबरचे. आत लांबीच्या दिशेने लाकडी कड्या, त्यांवर प्लायवुडचा फ्लोअर, वरून रेझिन आणि काचेच्या तंतूंची चटई, आणि फ्लोअरखालच्या पोकळीत बोट तरंगती राहावी म्हणून भरलेला फोम. बाक बसवताना त्या फ्लोअरमध्ये स्क्रू मारलेले. प्रत्येक स्क्रू म्हणजे पावसाला दिलेले एक दार. म्हैसूरला पाऊस मे महिन्यात पडतो, मधे झिमझिमतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा बदाबदा येतो. स्क्रूच्या भोकातून आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाट नाही, कारण वरची फायबरची कातडी शाबूत आहे. लाकडाचे रक्षण व्हावे म्हणून लावलेली कातडीच पाणी कोंडून धरते. पेपिसची तीस जहाजे सोळा फुटांत बसवल्यासारखा प्रकार.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांची ही दुखणी शिगेला पोचली. नेपोलियनशी युद्ध चालू, ओकची झाडे कमी पडत होती, आणि घाईत ओल्या लाकडाची जहाजे बांधली जात होती. १८१० मध्ये डेप्टफर्डला 'क्वीन शार्लट' हे शंभरावर तोफांचे जहाज पाण्यात उतरले. समुद्रावर जाण्याआधीच ते आतून इतके कुजले की जेम्स सॉवरबी या वनस्पतिशास्त्रज्ञाला बुरशी ओळखायला बोलावावे लागले. त्याच वर्षी मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले चौऱ्याहत्तर तोफांचे 'मिंडेन' पाण्यात गेले. ते पुढे हाँगकाँगला इस्पितळ म्हणूनही वापरले गेले आणि १८६१ पर्यंत टिकले. दोन्ही गोद्यांत कसबी सुतार होते. फरक होता लाकडाचा. मुंबईचे जहाज सागवानी होते.

सागवानात तेल असते, आणि कूज व वाळवी यांना नकोशी वाटणारी द्रव्ये असतात. ओकमधले टॅनिन लोखंडी खिळे खाते. सागवानातले तेल त्यांना सांभाळते. जहाज बांधणाऱ्याला आणखी काय हवे?

हे सागवान आले मलबारच्या जंगलांतून. आणि ती जंगले कंपनीच्या हाती आली ती म्हैसूरपासून पंधरा किलोमीटरवर, श्रीरंगपट्टणच्या तहात. १८ मार्च १७९२. कॉर्नवॉलिसच्या बाजूने निजाम होता आणि आपण होतो. हरिपंत फडके छावणीत होते. परशुरामभाऊ पटवर्धनांनी त्याआधी धारवाड घेतले होते आणि शिवमोग्ग्याकडे मुसंडी मारली होती. टिपूचे अर्धे राज्य तिघांत वाटले गेले. मराठ्यांना तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख मिळाला, महसुलाची गावे मिळाली. कंपनीने इतर प्रांतांबरोबर मलबार मागून घेतला: किनारा, बंदरे, मिरी आणि सागवान. सात वर्षांनी टिपू पडला, तेव्हा कानडा किनाराही तिने घेतला. शाळेत आम्हाला या तहाचे कलम म्हणून खंडणीचा आकडा आणि ओलीस दिलेली दोन मुले एवढेच पाठ होते. लाकडाबद्दल कोणी बोलले नाही.

मराठ्यांना लाकडाची किंमत कळत नव्हती असे मात्र नाही. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' याहून पाऊणशे वर्षे जुने, आणि त्यात आरमाराच्या लाकडाबद्दल जे सांगितले आहे ते आजच्या वनखात्यानेही डोळ्यांसमोर ठेवावे असे आहे. स्वराज्यातले सागवान वगैरे तोडायचे ते हुजूरची परवानगी घेऊन. आणखी लागेल ते परमुलखातून विकत आणायचे. आंबा-फणसही आरमाराच्या उपयोगी, पण त्यांना हात लावायचा नाही, कारण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल तर मालकाला राजी करून, पैसे देऊन न्यावे. हे कळणारे राज्य १७९२ मध्ये समुद्राकडे पाठ करून वाटणीला बसले, हे मला तरी पटत नाही. तोपर्यंत आंग्र्यांचे आरमार संपून साडेतीन दशके झाली होती, आणि ते संपवण्यात खुद्द पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली होती. जहाजेच नसतील तर सागवान मागायचे कशाला?

टिपूला मात्र त्याची गरज दिसत होती. मलबार गमावल्यावर, १७९६ मध्ये, त्याने स्वतंत्र आरमारखाते काढले आणि चाळीसच्या आसपास मोठी लढाऊ जहाजे बांधण्याचा हुकूम दिला. वेळ उरली नव्हती. उलट कंपनीने १८०६ मध्ये वॉटसन नावाच्या पोलीस कॅप्टनला मलबारच्या जंगलांवर संरक्षक नेमले. 'संरक्षक' हा शब्द गमतीचा आहे. काम होते सागवानावर मक्ता बसवून मुंबईच्या गोदीला पुरवायचे. खासगी जमिनीतले झाडही मालकाला तोडता येईना. लोक इतके चिडले की १८२३ मध्ये थॉमस मन्रोने ते पदच रद्द केले. जंगल तोवर विरळ झाले होते. १८४० च्या दशकात मलबारचा कलेक्टर कॉनॉली आणि त्याचा हाताखालचा अधिकारी चातू मेनन यांनी निलांबूरला सागवानाची लागवड सुरू केली, ती म्हणूनच.

श्रीरंगपट्टणला गेलात तर किल्ल्याबाहेरचा दर्या दौलत बाग पाहा. १७८४ चा हा महाल बहुतांशी सागवानी आहे. पर्यटक भिंतींवरची पोल्लिलूरच्या लढाईची चित्रे पाहतात आणि निघतात. मी खांबांच्या बुडाशी वाकून बसलो, तर रखवालदार संशयाने बघू लागला. उंच दगडी जोते, चारी बाजूंनी रुंद पडवी, बाहेरून सोडलेले पडदे. पाऊस लाकडापर्यंत पोचतच नाही आणि पोचला तरी वारा त्याला बसू देत नाही. जवळच कावेरीत हरिगोलु चालतात, म्हणजे बांबूच्या गोल टोपलीसारख्या होड्या. पूर्वी त्यांना कातडे लावत. आता प्लॅस्टिकची ताडपत्री आणि डांबर. आर्थर वेलस्लीने १८०३ मध्ये आपल्यावर चाल केली तेव्हा नद्या ओलांडायला अशाच टोपलीहोड्या करवून घेतल्या होत्या. या होडीला वेगळा फ्लोअर नसतो, कप्पा नसतो, पोकळी नसते. काम संपले की नावाडी ती काठावर उलटी घालतो. झाली देखभाल.

आमच्या बोटीवर काम करायला जो सुतार आला तो साठीचा. निरोप आला, "सर, आचारी आला आहे." मला वाटले, मेसचा स्वयंपाकी. कन्नडमध्ये आचारी म्हणजे सुतार. त्याने आधी हातोडीच्या दांड्याने सगळा फ्लोअर ठोकून आवाज ऐकला. टणक आवाज तिथे खडूने रेघ, बद्द आवाज तिथे फुली. फुल्याच जास्त झाल्या. बाक काढून, कडेने चार बोटे पट्टी सोडून फ्लोअर कापला. खालचा फोम पाण्याने इतका जड झाला होता की दोघांनी उचलावा लागला. तरंगवण्यासाठी घातलेली वस्तू बोट बुडवायला निघाली होती. दोन कड्या हाताने कुस्करल्या जात होत्या. मी सगळ्यात आधी पाहिली ती मोटर जिला लावतात ती मागची उभी फळी. भोक पाडून भुसा तपासला, कोरडा आणि फिका निघाला. तो काळा आणि ओला निघाला असता तर बोट बाद, त्यावर चर्चा नको. भर वेगात मोटर फळीसकट सुटली तर काय होईल ते सांगायला नको.

पुढचे काम संयमाचे होते, कौशल्याचे कमी. कवच आतून पंधरा दिवस उघडे ठेवून सुकवले. नव्या कड्या बसवताना प्रत्येकीच्या बुडाशी पाणी मागे वाहायला भोके ठेवली. जुन्यांतली रेझिनने बुजली होती. बारा मिलिमीटरचे मरीन प्लाय आणले. मरीन म्हणजे त्याचा डिंक उकळत्या पाण्यातही सुटत नाही, लाकूड लाकूडच. म्हणून भारतीय मानक ७१० मध्ये रसायनाची प्रक्रियाही सक्तीची आहे, आणि शिक्का पाहिल्याशिवाय ते घेऊ नये. कापलेली प्रत्येक कड इपॉक्सीने बंद केली. स्क्रूसाठी आधी मोठे भोक, त्यात इपॉक्सी, ते वाळल्यावर त्यातच लहान भोक. म्हणजे स्क्रू लाकडाला भेटतच नाही. आचारींना हे उगाच वेळकाढू वाटले. तिसऱ्या दिवसापासून ते स्वतःच करू लागले.

या रसायनांमागे एक भारतीय माणूस आहे, आणि त्याचे नाव इंजिनिअरांनाही माहीत नसते. बुरशी हे कुजण्याचे फळ नसून कारण आहे, हे जर्मनीच्या रॉबर्ट हार्टिगने १८७० च्या दशकात दाखवले. मग विष शोधणे सुरू झाले. अडचण ही की पाण्यात विरघळणारे विष पावसात धुऊन जाते. देहरादूनच्या वनसंशोधन संस्थेतल्या सोंटी कामेसन यांनी १९३३ मध्ये तांबे आणि आर्सेनिक यांच्या जोडीला क्रोमियमचे क्षार घातले. क्रोमियमने बाकीच्या दोघांना लाकडात कायमचे धरून ठेवले. आर्सेनिक आणि तांबे यांच्या रासायनिक चिन्हांवरून त्याचे नाव पडले 'आस्कू'. अमेरिकेत बेल कंपनीने ते टेलिफोनच्या खांबांना वापरले. पुढे धक्के, पूल, कुंपणे, घरांच्या पडव्या यांत ते जगभर गेले. त्यामागचे आर्सेनिक लोकांना नंतर टोचू लागले आणि २००३ च्या अखेरीस अमेरिकेत घरगुती वापरातून ते बाहेर पडले. बंदरांच्या खांबांना अजून चालते.

फ्लोअर झाला तेव्हा कोपऱ्यात जुन्या प्लायचा आणि कड्यांचा ढीग पडला होता. आचारींनी विचारले, नेऊ का? घरी अंघोळीचे पाणी चुलीवर तापते. बोट जुनी, लाकडाला काय पाजले होते याचा कागद नाही, आणि आस्कू पाजलेले लाकूड जाळले की आर्सेनिक धुरात आणि राखेत येते. मी नाही म्हणालो. त्यांना राग आला, सरकारी साहेब कुजके लाकूडही सोडत नाही असे वाटले असणार. दुसऱ्या दिवशी वखारीतून चांगल्या जळणाची एक मोळी त्यांच्या घरी पाठवली, आणि तो ढीग पोत्यांत भरून कचऱ्याच्या गाडीबरोबर वेगळा रवाना केला.