करोडगिरी आणि वस्तूचे नाव : धाराशिव जिल्ह्याच्या जकात-इतिहासातील एक प्रश्न

जकात आकारणाऱ्या अधिकाऱ्याला मालाविषयी दोन प्रश्न पडतात. मालाचे मोल काय, हा पहिला आणि माल कोणत्या नावाने ओळखावा, हा दुसरा. पहिला प्रश्न व्यवहाराचा दिसतो, दुसरा केवळ शब्दाचा. परंतु करपद्धती बदलली की वादाची जागाही एका प्रश्नावरून दुसऱ्यावर जाते. धाराशिव जिल्ह्याचा इतिहास या स्थित्यंतराचे उत्तम उदाहरण होय.

निजामी राजवटीत जकात खात्यास ‘करोडगिरी’ म्हणत. अकबराने १५७४-७५ च्या सुमारास एक कोटी उत्पन्नाच्या मुलखावर जे वसुली अधिकारी नेमले, ते ‘करोडी’ होत. त्या पदनामास ‘गिरी’ हा फारसी प्रत्यय लागून खात्याचे नाव सिद्ध झाले. पुढे त्यातील संख्येचा अर्थ लोपला व वसुलीचा तेवढा उरला. ‘जकात’ या शब्दाचीही गत अशीच आहे. मूळ अरबीत तो धर्मविहित दानाचा वाचक. मराठीत तो नाक्यावरच्या कराचा झाला. दोन्ही शब्द वसुलीचा निर्देश करतात. वस्तूचा मागमूस त्यांत नाही.

खात्याची पद्धतीही या नावास साजेशी होती. १८०२ साली ईस्ट इंडिया कंपनी व निजाम यांच्यात व्यापारी करार झाला. त्यान्वये परस्परांच्या मुलखातून येणाऱ्या मालावर सरसकट ५ टक्के जकात ठरली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसही, काही अपवाद वगळता, मोलाच्या ५ टक्के हाच सर्वसाधारण दर होता. दर एकच असल्यावर कापडास कापड म्हटले काय किंवा दुसरे काही म्हटले काय, देणे तेवढेच. अशा व्यवस्थेत घासाघीस होते ती मोलावर; नावावर भांडण्यात कोणाचाच लाभ नसतो.

निर्णायक ठरे ती सरहद्द. आणि या जिल्ह्यात सरहद्दही स्थिर नव्हती. १८५३ च्या तहाने वऱ्हाड व रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. त्याच वर्षी नळदुर्ग येथे कर्नल मेडोज टेलर यांची नेमणूक झाली. १८६० च्या तहाने हा मुलूख निजामाकडे परत आला. सात वर्षांत गावे हलली नाहीत, पेठाही हलल्या नाहीत. मात्र त्यांवरील अंमल दोनदा पालटला.

पुढे बार्शी लाइट रेल्वेने ही विसंगती अधिक ठळक केली. अडीच फूट रुंदीचा हा लोहमार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाला व १९११ मध्ये लातूरला पोहोचला. बार्शी इंग्रजी सोलापूर जिल्ह्यात, तर लातूर निजामी उस्मानाबाद जिल्ह्यात. एकाच मार्गावरून, एकाच भाषेच्या प्रदेशातून जाणारा माल मध्येच ‘परमुलखातला’ ठरे. १९४७-४८ च्या मुक्तिसंग्रामात सरहद्दीवरील करोडगिरी नाक्यांवर हल्ले झाले, ते केवळ पैशाच्या लोभाने नव्हेत. नाका ही परकेपणाची दृश्य खूण होती.

१७ सप्टेंबर १९४८ नंतरही ही खूण तत्काळ पुसली गेली नाही. संविधानाच्या ३०६ व्या अनुच्छेदाने ‘ब’ वर्गाच्या राज्यांना केंद्राशी करार करून अशी अंतर्गत जकात मर्यादित काळ चालू ठेवण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो अनुच्छेद वगळला गेला. त्याच वर्षी हा जिल्हा मुंबई राज्यात आला. जकातीची सरहद्द आता देशाच्या सीमेवर व बंदरांवर गेली.

तेथे मात्र दुसरा प्रश्न प्रबळ झाला. भारताचे आयात-दरपत्रक १९८६ पासून वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय नामावलीवर आधारलेले आहे. पेट्रोलपंपावर इंधन भरताना निसटणारी वाफ परत ओढून घेणारे आयात यंत्र पाहावे. इंधन मोजून देणाऱ्या पंपाचा भाग मानल्यास त्याचा विचार ८४१३ या शीर्षकाखाली होईल. हवा वा वायू ओढणारा पंप मानल्यास ८४१४ खाली. वायू शुद्ध करणारे यंत्र मानल्यास ८४२१ खाली. अनेक कार्ये करणाऱ्या यंत्राचे मुख्य कार्य कोणते ते पाहावे, असा नियम आहे. परंतु मुख्य कार्य ठरविणे म्हणजे त्या वस्तूची व्याख्या करणेच होय. शीर्षकांचे दर भिन्न असतील तेव्हा या व्याख्येवर व्यापाऱ्याचे देणे आणि सरकारचे उत्पन्न अवलंबून राहते.

करोडगिरीचा एकच दर सुबोध होता, म्हणून तो न्याय्य होता असे मात्र म्हणता येत नाही. गरिबाच्या गरजेची वस्तू आणि श्रीमंताच्या चैनीची वस्तू यांत त्याला भेद करता येत नव्हता. तो भेद करावयाचा तर वस्तूंना नावे द्यावी लागतात, आणि नावे दिली की त्यांच्या अर्थाचा वाद अटळ ठरतो. नाक्यावरील जुना वाद मोलाचा होता. बंदरावरील आजचा वाद पुष्कळदा अर्थाचा आहे. म्हणूनच जकातीचा इतिहास अर्थशास्त्राइतकाच शब्दार्थशास्त्राच्याही अभ्यासाचा विषय ठरतो.